नाव नेमके कोणत्या हाडाचे?

प्राणहिता आणि गोदावरी यांच्या खोऱ्यात सापडणाऱ्या पॅरासुकस हिस्लोपी या नामशेष सरीसृपाचा अभ्यास करताना सर्वांत आधी एका गोष्टीची सवय करून घ्यावी लागते, ती अशी की हाड हाती लागणे आणि ते कोणाचे हे कळणे यांत पुष्कळ अंतर असते, आणि या प्राण्याच्या बाबतीत ते अंतर काटायला शंभराहून अधिक वर्षे लागली. शरीररचना आणि वर्गीकरण हे विषय पाठ्यपुस्तकात वेगवेगळ्या प्रकरणांत छापलेले असतात. प्रत्यक्ष काम करणाऱ्याच्या टेबलावर मात्र ते एकाच ट्रेमध्ये, एकमेकांत मिसळलेल्या तुकड्यांच्या रूपात येतात, आणि कोणता तुकडा कोणत्या ढिगात ठेवायचा हे ठरवतानाच प्राण्याचे अवयव आणि त्याचे नाव हे दोन्ही एकदम ठरत जातात.

हा प्राणी ट्रायासिक कालखंडातला, म्हणजे सुमारे २५.२ ते २०.१ कोटी वर्षांपूर्वीच्या काळातला. त्यातही तो उत्तर ट्रायासिकमधला, ढोबळमानाने २२ ते २३ कोटी वर्षांपूर्वीचा. तेव्हा भारत, आफ्रिका, दक्षिण अमेरिका, युरोप असे वेगळे भूभाग नव्हते. सर्व जमीन पॅन्जिया या एकाच महाखंडात जोडलेली होती. त्याची हाडे मलेरीच्या परिसरात मिळतात; हे गाव आज तेलंगणात, जुन्या आदिलाबाद जिल्ह्याच्या हद्दीत येते आणि त्याच्यावरून ज्या खडकांच्या थरांना मलेरी शैलसमूह असे नाव पडले ते थर मुख्यतः लाल पंकाश्माचे, म्हणजे घट्ट झालेल्या चिखलाचे असून त्यांत अधूनमधून वालुकाश्म आणि चुनखडीच्या बारीक गोळ्यांनी बनलेला खडक आढळतो. वर्धा आणि वैनगंगा यांच्या संगमातून निघालेली प्राणहिता महाराष्ट्र आणि तेलंगण यांची सीमा आखत सिरोंच्याजवळ गोदावरीला मिळते, आणि हे सारे खोरे एकाच भूशास्त्रीय पट्ट्यात मोडते. त्यामुळे विदर्भाच्या वाचकाला हा प्राणी परका वाटण्याचे कारण नाही, शिवाय त्याच्या नावातच नागपूर दडलेले आहे.

हिस्लोपी हा शब्द स्टीफन हिस्लॉप यांच्यावरून आला. स्कॉटलंडहून १८४०च्या दशकात नागपुरास आलेले हे मिशनरी धर्मप्रसार आणि शाळा यांच्या बरोबरीने रेव्हरंड रॉबर्ट हंटर या सहकाऱ्यासह नागपूर परिसराच्या भूशास्त्राचा अभ्यास करीत आणि जमवलेले नमुने लंडनला पाठवीत. मलेरीच्या मातीतून त्यांना मिळालेले सेरॅटोडस या फुप्फुसमाशाचे दात टॉमस ओल्डहॅम यांनी १८५९ मध्ये वर्णिले, आणि त्यांतल्या एका जातीला हिस्लॉप यांचे आणि एकीला हंटर यांचे नाव मिळाले. १८६३ मध्ये टाकळघाटच्या परिसरातील शिलावर्तुळांचे उत्खनन पाहून परतताना पूर आलेल्या ओढ्यात हिस्लॉप बुडाले. नागपुरात त्यांचे नाव हिस्लॉप कॉलेजमुळे सर्वतोमुखी आहे. त्या नावाचा एक अडीच मीटरचा जलचर शिकारीही आहे, हे फारसे कोणाला ठाऊक नसते.

मलेरीसारख्या मऊ पंकाश्मात काम करण्याची एक वेगळीच शिस्त असते. येथे डोंगर फोडून हाडे काढण्याचा प्रसंग क्वचित येतो; पावसाळा नाले, शेतांचे बांध आणि उघडी माळराने धुऊन काढतो आणि पाऊस ओसरल्यावर, हिवाळ्यातल्या कोरड्या दिवसांत, जमिनीवर मोकळे पडलेले तुकडे नजरेने वेचायचे असतात. पहिले काही दिवस लाल मातीत सगळे सारखेच दिसते. मग डोळ्याला हळूहळू कळू लागते की चुनखडीचा गोळा फुटला तर आत एकजीव असतो आणि हाड फुटले तर आत जाळी दिसते, आणि शंका उरलीच तर जुने हात तुकडा जिभेला लावून पाहतात, कारण सच्छिद्र हाड ओलावा शोषत जिभेला किंचित चिकटते आणि दगड चिकटत नाही. तुकडा जागचा आहे की वाहून आलेला, हा पुढचा प्रश्न. वाहून आलेल्या तुकड्याच्या कडा झिजलेल्या असतात आणि त्याचा शेजारी कोण होता हे सांगणे अशक्य होते. जागच्या तुकड्याचा माग काढत उतार चढत गेल्यास कधीतरी थरातून डोकावणारे दुसरे टोक सापडते. मग भोवतीची माती कोरून, ओला कागद आणि त्यावर प्लास्टरमध्ये बुडवलेल्या गोणपाटाच्या पट्ट्या गुंडाळून, हाडासकट मातीचा ठोकळाच उचलला जातो. हे सर्व करताना जी नोंदवही लिहिली जाते ती पुढे हाडापेक्षाही मोलाची ठरते, कारण कोणते हाड कोणाशेजारी होते हे प्रयोगशाळेतली कोणतीही सुई पुन्हा शोधून देऊ शकत नाही.

एकोणिसाव्या शतकातल्या संग्रहांत नेमकी हीच माहिती अपुरी होती. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेत काम केलेले रिचर्ड लिडेकर यांनी १८८५ मध्ये मलेरी आणि देनवा थरांतील सरीसृप व उभयचर यांवरचा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि त्यात पॅरासुकस हिस्लोपी या जातीचे रीतसर वर्णन केले. त्यांच्यासमोर पूर्ण सांगाडा नव्हता. समोर होते ते तुंडाचे, म्हणजे चेहऱ्याच्या पुढे आलेल्या लांबट भागाचे काही तुकडे, काही दात, अंगावरच्या हाडांच्या ढाली आणि कवटीच्या तळाचा, मेंदूला खालून आधार देणारा एक भाग. हे सारे एकाच प्राण्याचे असावे असे त्यांनी मानले, आणि त्या काळच्या समजुतीप्रमाणे ते अवास्तवही नव्हते. पुढे उघड झाले की कवटीचा तो तळ हायपेरोडॅपेडॉन या अगदी निराळ्या प्राण्याचा होता.

हायपेरोडॅपेडॉन हा ऱ्हिन्कोसॉर गटातला शाकाहारी सरीसृप. १८५९ मध्ये टॉमस हक्सली यांनी स्कॉटलंडमधल्या एल्गिन भागातील वालुकाश्मातून त्याचे प्रथम वर्णन केले आणि नंतर त्याच वंशाची हाडे मलेरीतही ओळखली गेली. त्याच्या तोंडाची रचना एकदा पाहिली की विसरता येत नाही: पुढे चोचीसारखी वाकलेली दात नसलेली हाडे, वरच्या जबड्यात अनेक ओळींनी दात बसवलेला एक पट्टा, त्या पट्ट्याच्या मधोमध लांब खाच, आणि खालच्या जबड्याची धार बरोबर त्या खाचेत जाऊन बसणारी, जणू अडकित्त्याची पात खालच्या खोबणीत मिटावी तशी. मलेरीत त्याची हाडे सर्वाधिक सापडतात. जिथे एका जातीची हाडे सर्वत्र पडलेली असतात तिथे दुसऱ्या जातीच्या ढिगात त्यांतले एखादे शिरणे यात आश्चर्य नाही. कवटीचा तळ असा अवयव आहे की त्यावर ना दात असतात ना ढाली, आणि त्यामुळे तो सहज कोणाच्याही नावावर खपतो. लिडेकर यांना दोष देणे सोपे आहे, पण तुटक्या तळाच्या दोन तुकड्यांची तुलना ज्याने केली आहे तो सहसा दोष देत नाही.

चित्र बदलले ते कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेमुळे. संख्याशास्त्राच्या संस्थेने जीवाश्म खोदावेत हे प्रथम ऐकणाऱ्याला चमत्कारिक वाटते. परंतु संस्थेचे संस्थापक प्रशांतचंद्र महालनोबिस यांचे नाव ज्या सांख्यिकी अंतराला मिळाले ते मुळात माणसांच्या शरीरमापांच्या अभ्यासातूनच निघालेले असल्याने, हाडे मोजण्याची ओढ त्या संस्थेला परकी नव्हती. महालनोबिस यांच्या निमंत्रणावरून लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील पामेला रॉबिन्सन १९५७ मध्ये भारतात आल्या आणि त्यांच्या मार्गदर्शनाखाली प्राणहिता-गोदावरी खोऱ्यात पद्धतशीर शोधकार्य सुरू झाले. त्याच परंपरेतून मलेरीतील एका सस्तनसदृश प्राण्याच्या जातीला स्टॅटिस्टिके असे नाव मिळाले. शास्त्राच्या नावांत संख्याशास्त्राला मिळालेला इतका मांसल सन्मान दुर्मीळच.

या कामातून पॅरासुकसचे दोन जवळजवळ पूर्ण सांगाडे हाती आले, ज्यांत हाडे मूळ जुळणीत होती. शंकर चटर्जी यांनी १९७८ मध्ये त्यांचे सविस्तर वर्णन केले आणि लिडेकर यांच्या मिश्र ढिगातून तुंडाचा तुकडा बाजूला काढून त्यालाच या नावाचा आधार ठरवले. हाडांच्या जुळणीचे महत्त्व येथे एकदम लक्षात येते. सुट्या हाडाच्या अभ्यासात प्रत्येक निष्कर्षापुढे ‘बहुधा’ हा शब्द लावावा लागतो. जुळलेल्या सांगाड्यात पायाचे हाड पायालाच आहे आणि ढाल पाठीवरच आहे, आणि मग शंका वाचनाची उरते, मालकीची उरत नाही.

दुरून पाहता पॅरासुकस हा घडियालच वाटेल: लांब, अरुंद तुंड, त्यात ओळीने बसलेले टोकदार दात, तुंडाच्या टोकाशी जरा मोठे झालेले सुळे, आखूड पाय, लांब शेपटी आणि पाठीवर ढालींच्या ओळी. मराठीत मगर आणि सुसर हे शब्द बोलताना सर्रास अदलाबदलीने वापरले जातात, आणि तेवढ्या सैलपणे पाहिले तर पॅरासुकसलाही त्याच माळेत बसवता येईल. जवळ जाऊन पाहिले की साम्य गळून पडू लागते. मगरीची नाकपुडी तुंडाच्या अगदी टोकाला असते. पॅरासुकसची नासारंध्रे तिथे नाहीत, ती मागे सरकून डोळ्यांकडे, कवटीच्या वरच्या बाजूला उघडतात. त्यामुळे तुंडाची हाडेही वेगळ्या प्रमाणात वाढलेली आहेत: मगरीचे लांब तुंड मुख्यतः जबड्याच्या मुख्य हाडाने, म्हणजे मॅक्झिलाने बनते, तर येथे लांबी आणली आहे ती त्याच्या पुढच्या प्रीमॅक्झिलाने, जे हाड मगरीत तुलनेने छोटेच असते. एकाच लांबीला दोन प्राणी दोन निरनिराळ्या हाडांनी पोचले आहेत, आणि ही गोष्ट तुंडाच्या मधल्या तुटक्या तुकड्यावरही ओळखता येते, फक्त हाडांमधली शिवण कुठून जाते हे पाहण्याची सवय हवी.

मगरीच्या तोंडात हाडाची दुय्यम टाळू असते, म्हणजे श्वासाचा मार्ग तोंडाच्या पोकळीपासून वेगळा करणारे छत. त्यामुळे तोंड पाण्याने भरले तरी नाकातून आलेली हवा थेट घशाकडे जाते. पॅरासुकसला असे पूर्ण छत नव्हते, आणि नासारंध्रे मागे असल्यामुळे हवेचा मार्गच आखूड होता. पाण्यात दबून राहून श्वास घेण्याचा तोच प्रश्न त्याने निराळ्या मार्गाने सोडवलेला दिसतो. डोळ्यापुढे कवटीत एक मोठे छिद्र आहे, त्याला पूर्वनेत्र छिद्र म्हणता येईल. आजच्या मगरींत ते बुजलेले असते. वर्गीकरणासाठी सर्वांत कामाची खूण याच छिद्राशी निगडित आहे: पॅरासुकसमध्ये नासारंध्रे या छिद्राच्या पुढे संपतात, तर त्याच गटातल्या प्रगत प्राण्यांत ती आणखी मागे सरकून छिद्राच्या वर येतात. बोटभर अंतराचा हा फरक, पण एवढ्यावरून प्राणी आपल्या गटाच्या मुळाशी जवळचा की शेंड्याशी हे सांगता येते.

गटाचे नाव फायटोसॉर, आणि हे नाव म्हणजे या क्षेत्रातल्या सर्वांत टिकाऊ चुकांपैकी एक होय. १८२८ मध्ये गेओर्ग फ्रीडरिख येगर यांनी जर्मनीतल्या एका जबड्याच्या तुकड्याचे वर्णन करताना त्यातले बोथट, दंडगोलासारखे भाग दात समजले आणि असे दात वनस्पती खाणाऱ्याचेच असणार म्हणून फायटोसॉरस, म्हणजे वनस्पती-सरडा, असे नाव दिले. वस्तुतः ते दात नव्हते. मेलेल्या प्राण्याचे दात गळून गेल्यावर रिकाम्या दंतकूपिकांत, म्हणजे दाताच्या खळग्यांत, चिखल भरला होता, तो दगड झाला होता आणि भोवतीचे हाड झिजल्यावर त्या साच्यांचे खुंट उरले होते. प्राणी कट्टर मांसाहारी होता. तरीही नावाला अग्रक्रमाचा नियम लागू होतो, म्हणजे आधी दिलेले नावच चालते, आणि वर्णन चुकले म्हणून नाव रद्द होत नाही. ज्याने दंतकूपिकेतली माती सुईने काढून खळग्याचा तळ पाहिला आहे त्याला येगर यांची चूक हास्यास्पद वाटत नाही, कारण भरलेली कूपिका आणि दाताचे मूळ यांत फरक करताना आजही भिंग लागते.

पॅरासुकस या नावाचा अर्थ मगरीच्या जवळचा असा होतो. हक्सली यांनी १८७५ मध्ये मगरवर्गाची पॅरासुकिया, मेसोसुकिया आणि यूसुकिया अशी पायऱ्यांची मांडणी केली तेव्हा फायटोसॉर सगळ्यांत खालच्या पायरीवर, म्हणजे मगरींचे आद्य रूप म्हणून बसवले गेले. विसाव्या शतकात त्यांना थेकोडोंट या मोठ्या गाठोड्यात टाकण्यात आले. थेकोडोंट म्हणजे कूपिकेत दात असलेले, आणि या गाठोड्यात डायनोसॉर, मगरी व उडते टेरोसॉर यांच्या पूर्वजांपैकी जे जे दुसरीकडे बसत नव्हते ते सर्व भरले होते. शाखावर्गीकरण, म्हणजे समान पूर्वजापासून मिळालेल्या नव्या लक्षणांवरूनच नाते ठरवण्याची पद्धत, रूढ झाल्यावर हे गाठोडे टिकले नाही, कारण त्यातल्या प्राण्यांना एकत्र बांधणारे काही नवे लक्षण नव्हतेच, फक्त पुढच्यांकडे असलेली लक्षणे त्यांच्याकडे नव्हती.

मगर आणि फायटोसॉर यांना जोडणारा मोठा दुवा घोट्यात शोधला गेला. घोट्याच्या दोन मुख्य हाडांमध्येच सांधा असणे आणि टाचेचे हाड पावलाबरोबर फिरणे ही मगरीची रचना. ती फायटोसॉरमध्येही आढळल्याने १९९१ मध्ये पॉल सेरेनो यांनी या सर्वांना क्रुरोटार्साय या नावाखाली एकत्र केले. २०११ मध्ये स्टर्लिंग नेस्बिट यांच्या विस्तृत विश्लेषणात फायटोसॉर मगरी आणि पक्षी या दोघांच्या समान पूर्वजाच्याही बाहेर पडले. याचा एक मजेशीर परिणाम झाला: क्रुरोटार्साय या गटाच्या व्याख्येत फायटोसॉरचा उल्लेख असल्याने त्या नव्या झाडावर मोर आणि चिमणीही क्रुरोटार्सायमध्ये येऊन बसले. त्यानंतरच्या काही विश्लेषणांत फायटोसॉर पुन्हा मगरींच्या फांदीच्या तळाशी परतले आहेत. ही अस्थिरता अभ्यासकाला प्रथम अस्वस्थ करते. नंतर ध्यानात येते की लांब तुंड आणि पाण्यातले जीवन यांमुळे फायटोसॉरचे शरीर इतके एका दिशेला घडले आहे की जुन्या नात्याच्या खुणा त्याने बहुतांशी पुसल्या आहेत.

नावाचा प्रश्न यापेक्षा कोरडा, पण परिणामांनी मोठा ठरला. प्रत्येक जातीचे नाव एका ठरावीक नमुन्यावर टांगलेले असते. त्याला प्ररूप म्हणतात, आणि त्या नमुन्यावरून जाती ओळखता आली नाही तर नाव निरुपयोगी होते. लिडेकर यांच्या ढिगातून चटर्जी यांनी निवडलेल्या तुंडाच्या तुकड्याबाबत १९९१ मध्ये एड्रियन हंट आणि स्पेन्सर लुकास यांनी असा आक्षेप घेतला की असे तुंड कोणत्याही जुन्या फायटोसॉरचे असू शकते, म्हणून पॅरासुकस हे नाव संशयास्पद मानून बाजूला ठेवावे आणि भारतीय सांगाड्यांचा समावेश अमेरिकेतून १९०४ मध्ये वर्णिलेल्या पॅलिओऱ्हायनस या वंशात करावा. हा वाद केवळ लेबलांचा नव्हता. पॅलिओऱ्हायनसचे अस्तित्व हे खडकांच्या वयाचे घड्याळ म्हणून वापरले जात होते: टेक्सास, बव्हेरिया आणि मलेरी येथे तोच वंश सापडतो, म्हणून ते थर एकाच काळाचे, असा तो युक्तिवाद. परंतु सगळ्यांत समान दिसणारी गोष्ट नासारंध्रे छिद्राच्या पुढे असणे, म्हणजे जुनीच ठेवण असेल, तर ती वेगवेगळ्या फांद्यांवर वेगवेगळ्या काळी टिकून राहू शकते आणि घड्याळ विश्वासार्ह राहत नाही.

चटर्जी यांनी आंतरराष्ट्रीय प्राणिनामकरण आयोगाकडे अर्ज करून तुंडाच्या तुकड्याऐवजी भारतीय सांख्यिकी संस्थेतील पूर्ण सांगाड्यांपैकी एकाला नवप्ररूप, म्हणजे नावाचा नवा अधिकृत आधार, ठरवण्याची विनंती केली आणि २००३ मध्ये आयोगाने ती मान्य केली. तेव्हापासून पॅरासुकस हिस्लोपी हे नाव एका अशा सांगाड्याचे आहे ज्याचे पाऊल, पाठ आणि कवटी एकाच प्राण्याची असल्याबद्दल कोणालाही शंका नाही. आणि २०१६ मध्ये ख्रिश्चन कॅमेरर आणि सहकाऱ्यांनी कवट्यांची पुन्हा तुलना करून दाखवले की वायोमिंगमधला पॅलिओऱ्हायनस पॅरासुकसच्याच वंशातला आहे, तेव्हा १८८५ हे वर्ष १९०४ च्या आधी येत असल्याने अमेरिकेतल्या प्राण्यालाही गोदावरी खोऱ्यातले नाव घ्यावे लागले.

त्या दोन सांगाड्यांबाबत आणखी एक गोष्ट सांगायची राहते. त्यांच्या बरगड्यांच्या आत, पोटाच्या जागी, दुसऱ्या एका लहान सरीसृपाची हाडे मिळाली आणि चटर्जी यांनी १९८० मध्ये त्यांना मलेरीसॉरस रॉबिन्सॉने असे नाव दिले, त्यातला दुसरा शब्द पामेला रॉबिन्सन यांच्या सन्मानार्थ. शिकाऱ्याचे शेवटचे जेवण असे दुसऱ्या जातीचे प्ररूप बनले. गिळलेल्या प्राण्याचे वर्गीकरणही पुढे पालटले: प्रथम तो लांब मानेच्या प्रोलॅसर्टिफॉर्म सरीसृपांत गणला गेला, आणि २०२१ मध्ये नेस्बिट व सहकाऱ्यांनी त्याला अझेंडोहसॉरिड नावाच्या, मुख्यतः आफ्रिका आणि अमेरिकेतून ठाऊक असलेल्या कुळात हलवले. पॅरासुकसच्या पोटातून काढलेली ती हाडे आता कोलकात्यात आहेत, आणि शिकारी व भक्ष्य या दोघांवरची नावे निरनिराळ्या वेळी, निरनिराळ्या कारणांनी बदललेली असली तरी मलेरीच्या थरात ते एकमेकांच्या आतच सापडले होते, याची नोंद मात्र तशीच आहे.